दुसऱ्याच्या अल्बममधलं आपलं माणूस

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे : घरातले जुने फोटो आणि व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या. वेळ दिली आहे पुरणपोळीच्या जेवणानंतरची. त्यामुळे कोणाचा डोळा लागला तर मी वाईट वाटून घेणार नाही. गणिताच्या तासालाही आपल्यातल्या काहींचा लागायचाच, आणि सरांना ते दिसत नव्हतं असं नाही.

मेळाव्यासाठी तुम्ही जे जे पाठवलंत, त्या पिशव्या माझ्याकडे आल्या. त्यात बाकांवर उभं राहून काढलेले वर्गाचे फोटो होते, गॅदरिंगचे होते, नळदुर्गच्या किल्ल्यावर गेलेल्या सहलीचे होते. लग्नाच्या कॅसेटी होत्या. चपलांच्या खोक्यात कोंबलेल्या निगेटिव्ह होत्या. एकाने तर भिंतीवरची फ्रेमच उतरवून पाठवली. हे सगळं कॉम्प्युटरवर घेताना जे कळलं ते तुम्हाला सांगतो. आधी कामाचं, मग मनातलं.

कॅसेटीपासून सुरुवात करतो, कारण घाई तिचीच आहे. व्हीएचएस कॅसेट म्हणजे प्लास्टिकची लांब फीत आणि तिच्यावर गोंदासारख्या थराने धरून ठेवलेले लोहाच्या संयुगाचे बारीक कण. चित्र आणि आवाज त्या कणांत चुंबकाने लिहिलेले असतात. हा थर हवेतली ओल धरतो, मऊ पडतो, सुटतो. पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात पत्र्याखालची भट्टी, या दोन्हींत आपल्या कॅसेटींनी पंचवीस-तीस वर्षं काढली आहेत. दुसरी अडचण मशीनची. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये काम थांबवलं. आता जे आहेत ते जुनेच. फीतही म्हातारी, मशीनही म्हातारं, आणि मशीन दुरुस्त करणारा कारागीरही म्हातारा.

तुम्हाला आठवत असेल, लग्नाची कॅसेट आली की व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा. अख्खी आळी अंगणात. जो पडद्यावर दिसेल त्याच्या नावाने ओरडा. पाहून झालं की कॅसेट ट्रंकेत, आणि मग वर्षानुवर्षं कोणी हात लावायचा नाही. फार वेळा चालवली गेली नाही म्हणून काही कॅसेटी आजही चांगल्या निघतात. पण न तपासता मशीनमध्ये घालू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट चालवली तर मशीनचं हेड घाण होतं आणि पुढच्या कॅसेटीही बिघडतात. ती जाणकाराकडून आधी साफ करून घ्यायची. कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. एका कॅसेटीत अक्षता पडता पडता एकदम मारामारीचा सिनेमा सुरू झाला. कोणाच्या घरातली ते सांगत नाही. वहिनी समोर बसल्या आहेत.

कॉम्प्युटरवर घ्यायची रीत सोपी आहे. व्हीसीआरच्या मागून पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी निघतात. पिवळीतून चित्र, बाकीच्या दोघींतून आवाज. त्या एका छोट्या कॅप्चर डबीला जोडायच्या आणि डबी यूएसबीने कॉम्प्युटरला. कॅसेट लावायची, रेकॉर्ड सुरू करायचं. यात घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. तासाला साधारण दोन-अडीच जीबी जागा धरा. मागाहून आलेल्या छोट्या डिजिटल कॅसेटी, मिनी-डीव्ही, यांची रीत वेगळी. त्यांना त्यांचाच कॅमेरा आणि फायरवायरची केबल लागते, आणि तासाला सुमारे १३ जीबी. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीही अमर नाहीत. त्यांची कॉपीही आत्ताच काढा.

आता फोटो. पोस्टकार्ड आकाराचा फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआयला घ्या, पासपोर्ट आकाराचा १२०० ला. निगेटिव्ह सापडली तर देवच पावला म्हणायचं. फोटोपेक्षा तिच्यात जास्त बारकावा असतो. पण तिला निगेटिव्हचा स्कॅनर लागतो, २४०० डीपीआय किंवा वर. स्कॅनर नसेल तर मोबाइलने काढा. ओसरीवर सावलीत, फोटो सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून, फ्लॅश बंद. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर मागून शिवणाचा दोरा हळूहळू सरकवा. ओल्या फडक्याने फोटो पुसू नका. हे मी दोनदा सांगतो, कारण आपल्याकडे फोटो पुसायचा तो हार घालायच्या आधी, आणि ओल्याच फडक्याने. ओल्या फडक्याने पुसू नका.

आलेला फोटो व्हॉट्सॲपवर नुसता पाठवला की तो बारीक होऊन जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि अलीकडे चेहरा गुळगुळीत करणारी, रंग भरणारी ॲपं निघाली आहेत. हौस म्हणून करा, पण मूळ प्रत वेगळी ठेवा. ॲपला आपली आजी माहीत नसते. तिच्या सुरकुत्या काढून ते एक वेगळीच बाई बसवतं.

कामाचं झालं. आता मनातलं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. हे आपल्यात कोणाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून माणसं झोपली होती. आपल्या शेजारचं सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी आणि पलीकडे किल्लारी. सरकारी हिशेबाने सुमारे आठ हजार माणसं गेली. ५२ गावं उचलून नव्या जागी वसवावी लागली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी आपली घरं. उन्हाळ्यात गार म्हणून ज्यांचं कौतुक, तीच अंगावर आली.

त्याच भिंतींवर फोटो टांगलेले होते. त्याच खोल्यांत ट्रंका होत्या. माणूस गेलं आणि त्याच पहाटे त्याचा फोटोही गेला. फोटो होता कुणाकडे, असंही विचारता येईल. मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्यायचं ठरलं तेच १९९३ साली. आधारचं पहिलं कार्ड निघालं २०१० मध्ये, आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत. त्या पहाटे गेलेल्या आपल्या आई-आज्यांचा सरकारकडेसुद्धा फोटो नाही. त्या फोटोपुढे उभ्या राहायच्या त्या एखाद्या लग्नात, जत्रेतल्या पडद्यासमोर, नाहीतर नाहीच.

तुमच्या पिशव्यांत भूकंपाच्या आधीच्या एका लग्नाची कॅसेट निघाली. नवरानवरी आपल्याकडचे. पंगत बसली आहे, वाढपी धावताहेत, आणि भिंतीला टेकून एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी आहे. कॅमेरा तिच्यावरून सरकतो, ती पदर सावरते आणि लाजून तोंड फिरवते. सगळं मिळून काही सेकंद. मी नावं विचारायला तो तुकडा आपल्या चार-पाच जणांना पाठवला. रात्री एकाचा फोन आला. बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "अरे, ती माझी आई आहे." त्याच्याकडे आईचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा आठवतो की नुसता आठवतोय असं वाटतं, हेच त्याला इतकी वर्षं कळत नव्हतं. तो आज इथे बसला आहे. नाव घेऊ नको म्हणाला, म्हणून घेत नाही.

ज्यांच्या घरची ही कॅसेट, त्यांच्या दृष्टीने ती बाई म्हणजे पंगतीतलं एक माणूस. कॅसेट खराब झाली असती तर त्यांचं लग्न त्यांना आठवत होतंच, नवरा-बायको धडधाकट समोर आहेत. नुकसान झालं असतं ते दुसऱ्याचं, आणि ते कोणाला कधी कळलंही नसतं. तुमच्या ट्रंकेतला अल्बम फक्त तुमचा नाही, हे मला तेव्हा समजलं. आपल्या भागात तर मुळीच नाही. तुमच्या फोटोच्या कडेला, मागच्या रांगेत, अर्धं कापलं गेलेलं जे कोणी उभं आहे, ते कुणाचं तरी एकुलतं एक चित्र असू शकतं.

आणि माणसांच्या मागे गाव उभं आहे. वरातीच्या व्हिडिओत जुन्या गावठाणातली वेस दिसते, वाडे दिसतात, माळवदावर चढून बघणारी पोरं दिसतात. ती वेस आता नाही, ते माळवद नाही. आपल्या मुलांनी सरळ रेषेतले रस्ते आणि रांगेतली घरंच पाहिली. त्यांना जुनं गाव दाखवायचं म्हटलं तर आपल्याकडे दुसरं काय आहे? शूटिंगवाल्याला ते काढायचं नव्हतं, तो वरात काढत होता. गाव आपोआप आलं.

हे जपायला कोणी बाहेरून येईल असं धरून बसू नका. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली चित्रपट काढला, त्यानंतर देशात हजाराहून जास्त मूकपट झाले. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ मध्ये. तोवर बहुतेक रिळं गेलेली होती. आज मूकपट मूठभर उरले आहेत. जे हजारोंनी पाहिलं, पैसे देऊन पाहिलं, त्याची ही गत. मग आपल्या आळीतल्या पंगतीचं कोण बघणार?

म्हणून तीन गोष्टी मागतो.

पहिली, नावं लिहा. कॉम्प्युटरवर आलेला पण नाव नसलेला फोटो म्हणजे अनोळखी माणसांचा फोटो. फाइलच्या नावात आधी साल, मग प्रसंग, मग गाव लिहा. गाव लिहिताना जुनं की नवं तेही लिहा. रांगेतली माणसं डावीकडून उजवीकडे. मुलींची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं. आपल्याच वर्गातल्या काही मैत्रिणींना शोधायला वर्ष लागलं, ते या एकाच कारणाने. आणि हे काम म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून करा. मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवा, ते काय बोलतात ते रेकॉर्ड करा. फीत अजून पाच वर्षं कदाचित टिकेल. ओळखणारा टिकेलच असं नाही. आज आपले सर आणि बाई इथे आहेत. वर्गाचे फोटो बाहेर टेबलावर मांडले आहेत, बाजूला कागद-पेन ठेवलं आहे. सर, बाई, तुम्ही हजेरी घ्यायचात तशीच एकदा घ्या, एवढी विनंती.

दुसरी, एकाच घरात ठेवू नका. एक प्रत तुमच्या हार्ड डिस्कवर, एक पुण्या-मुंबईला असलेल्या भावाकडे किंवा लेकीकडे, आणि जमलं तर एक इंटरनेटवर. हार्ड डिस्कही बंद पडते, वीज पडली की जळते. वर्षातून एकदा, दिवाळीत म्हणा, जोडून बघा. सगळं एका छपराखाली ठेवलं की काय होतं हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. आणि मूळ कॅसेट, मूळ फोटो फेकू नका.

तिसरी, वाटा, पण विचारून. लग्नातला, घरातला व्हिडिओ एकदम ग्रुपवर टाकायचा नाही. ज्याचं माणूस दिसतंय त्याला आधी, एकट्याला दाखवा. तो रडेल, बोलेल, मग काय करायचं ते तोच ठरवेल.

ज्यांच्या घरी अजून काही असेल, त्यांनी जाण्याआधी माझ्याकडे नाव द्यावं. व्हीसीआर चालू आहे तोवर कॅसेटी मी घेईन, मूळ वस्तू परत देईन, पैसे घेणार नाही. तुम्हाला त्यात काही विशेष नाही असं वाटलं तरी द्या. विशेष आहे की नाही, ते दुसऱ्याच कोणाला तरी ठरवू द्या.

झोप लागलेल्यांना उठवा. बाहेर चहा झाला आहे.