वंशावळीच्या दप्तरात जात कोठे लिहावी?



आपल्या तरुणांनी घरोघरच्या वंशावळी संगणकावर नोंदविण्याचे काम हाती घेतले आहे. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, यावर मी बोलावे अशी त्यांची इच्छा आहे. मी वकील आहे, यंत्रज्ञ नव्हे. तेव्हा सॉफ्टवेअर दिसावयास किती सुबक आहे, हा माझा प्रश्न नाही. त्यातील नोंद उद्या जात पडताळणी समितीपुढे उपयोगी पडेल काय, आणि ती आपल्या धर्मांतराशी प्रामाणिक राहील काय, एवढेच मी पाहतो.

वंशावळीची बहुतेक सॉफ्टवेअरे 'जेडकॉम' नावाच्या एका नमुन्यात माहितीची देवघेव करतात. हा नमुना अमेरिकेतील मॉर्मन पंथाने 1984 साली काढला. मृत पूर्वजांच्या नावे बाप्तिस्मा करण्याचा विधी त्या पंथात आहे. म्हणून पूर्वजांची नावनिशी त्यांस हवी असते. त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे रकाने पाडले, यात त्यांचा दोष नाही. बाप्तिस्म्यासाठी रकाना आहे, यहुदी मुलांच्या बार मित्झवासाठीही आहे. धम्मदीक्षेसाठी नाही. आणि जातीसाठी मात्र स्वतंत्र रकाना आहे! त्याची व्याख्या समाजातील दर्जा अशी व्यापक केलेली आहे खरी. परंतु नाव 'कास्ट' हेच.

या रकान्याचे आपण काय करावयाचे? काही उत्साही मंडळी म्हणतात, तो कोराच ठेवावा आणि पणजोबांपासून सर्वांच्या नावापुढे 'बौद्ध' असे लिहावे. त्यांची भावना मला समजते. परंतु 14 ऑक्टोबर 1956 पूर्वी जो मनुष्य अस्पृश्य म्हणून जगला आणि मेला, त्याला मरणोत्तर दीक्षा देण्याचा अधिकार त्याच्या पणतवास कोणी दिला? असे करणे म्हणजे त्याने सोसलेले सर्व काही पुसून टाकणे होय. दुसरी मंडळी नेमके उलट करतात. आज शाळेत जाणाऱ्या नातीच्या नावापुढेही ती जुनी जात लिहून मोकळी होतात. मग नागपुरास जे झाले, ते कशासाठी झाले?

कायदा या बाबतीत काय मागतो, ते नीट ध्यानात घ्या. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश 10 ऑगस्ट 1950 चा. बौद्धांचा समावेश त्यात 1990 साली झाला. महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्रविषयक 2000 च्या कायद्यातील कलम 8 प्रमाणे आपली जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच आहे. आता व्यवहारात काय होते? मुलीच्या दाखल्यावर 'बौद्ध', तिच्या बापाच्या दाखल्यावर 'नवबौद्ध'. आणि 1950 पूर्वीची जातीची नोंद आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात अथवा गावच्या कोतवाल बुकात, तीही पुष्कळदा मोडी लिपीत. या तीन कागदांस जोडणारा धागा म्हणजे वंशावळ. तो धागा तुटला तर मुलीचा वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेश अडतो. म्हणून जुनी नोंद नष्ट करणे हा स्वाभिमान नव्हे. तो आपल्याच लेकरांचा घात आहे.

माझे मत असे आहे की, जात ही माणसाच्या नावापुढे लिहावयाची गोष्टच नव्हे. ती कागदाच्या नावापुढे लिहावी. 'अमुक गावच्या शाळेच्या रजिस्टरात, अमुक साली, अमुक अनुक्रमांकावर, लिहिणाऱ्याने अशी जात लिहिली', एवढेच सत्य आपणांस ठाऊक आहे आणि तेवढेच नोंदवावे. जे सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीस तारीख, स्थळ आणि मूळ कागदाचे छायाचित्र जोडू देते, तेच आपल्या उपयोगाचे.

या कसोटीवर मला 'ग्रॅम्प्स' हे सॉफ्टवेअर बरे वाटते. ते विनामूल्य आहे, आपल्याच संगणकावर राहते आणि देवनागरी अक्षरे घेते. त्यातही जातीचा तयार रकाना आहे, परंतु त्यास तारीख लावता येत नाही. म्हणून तो वापरू नये. त्याऐवजी 'घटना' या सदराखाली 'जातनोंद' असा नवा प्रकार करावा आणि तसाच दुसरा 'धम्मदीक्षा' असा करावा. घटनेला तारीख असते, स्थळ असते, पुरावा जोडता येतो.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. जुन्या दप्तरात 'नाक' हे पद लावलेली नावे, पुढे 'बिन' अथवा 'वल्द' लावून बापाचे नाव, आणि आडनावाची जागा रिकामी. पुढे कोणी गावावरून आडनाव घेतले, कोणी शाळेत बदलले. बाबासाहेबांचे मूळ कुलनाव सकपाळ आणि गाव आंबडवे, हे आपणांस ठाऊकच आहे. स्त्रियांचे तर विवाहानंतर सारे नावच पालटते, आणि माहेरचे नाव नोंदले नाही तर वंशावळीत ती अर्धी नाहीशी होते. तेव्हा एका व्यक्तीची अनेक नावे ठेवता येतात की नाही, हे प्रथम तपासा. ग्रॅम्प्समध्ये ती ठेवता येतात.

परदेशी संस्थांच्या सामाईक वृक्षांत नावे टाकण्याची घाई करू नका. मॉर्मन पंथाच्या 'फॅमिलीसर्च' या वृक्षात मृत व्यक्तीची नोंद कोणीही तिऱ्हाईत बदलू शकतो. जिवंत माणसाची जात, जन्मतारीख आणि पत्ता एकत्र करून बाहेर देणे याचा धोका मी तुम्हांस सांगावयास नको. भाड्याने घर शोधताना तो तुम्ही अनुभवलेलाच आहे. ग्रॅम्प्समधून प्रत काढताना जिवंतांची माहिती वगळता येते. ती वगळूनच प्रत द्यावी.

एक गोष्ट मात्र कोणतेही सॉफ्टवेअर करणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे, नात्याची विशेष माहिती असणाऱ्या मृत व्यक्तीचे कथन पुराव्यात घेता येते. पण ते वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले असले पाहिजे. समितीची नोटीस आल्यावर लिहिलेल्या कागदास ती किंमत राहत नाही. संगणकातील नोंद न्यायालयात दाखल करावयाची तर कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, म्हणून कागदी प्रतही ठेवा. घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल, तर येत्या रविवारी तिच्याजवळ बसा. तिच्या सासऱ्याचे आणि बापाचे नाव, दोन्ही गावे, दीर, नणंदा, सारे तिच्या शब्दांत उतरवून घ्या. खाली तारीख घाला, तिची सही अथवा अंगठा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. संगणक सोमवारी उघडला तरी चालेल.