घाटातील चढण आणि संकरित गाडी

तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैलीचा घाट आणि शहाद्याकडून तोरणमाळला नेणारी वळणे ही नंदुरबार जिल्ह्यातील वाहनचालकांची खरी परीक्षा होय. रुग्णाला घेऊन निघालेली गाडी अशा चढणीवर थांबली आणि पुन्हा निघताना मागे सरली, तर मागे दुसरे वाहन असते किंवा दरी असते.

दहास एक अशा चढणीवर दीड हजार किलोग्रॅम वजनाच्या गाडीला सुमारे दीडशे किलोग्रॅम वजनाइतका जोर मागे ओढत असतो. साध्या गाडीत हातब्रेक सोडणे, क्लच उचलणे आणि ॲक्सिलरेटर दाबणे या तिन्ही क्रिया चालकाला एकाच वेळी साधाव्या लागतात. त्या चुकल्या की गाडी घरंगळते. चाकामागे दगड लावण्याची रीत त्यातूनच पडली.

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर यांच्या जोडीवर चालणाऱ्या संकरित गाडीत हे काम निराळ्या रीतीने होते. टोयोटा कंपनीने १९९७ मध्ये जपानात विक्रीस आणलेल्या ‘प्रियस’ गाडीत क्लचचे पेडल नव्हते. इंजिनाला जोर देण्यापूर्वी काही गतीने फिरावे लागते. विजेची मोटर मात्र स्थिर असतानाच पूर्ण जोर देऊ शकते. ब्रेकवरून पाय उचलताच नियंत्रक यंत्रणा मोटरला थोडा प्रवाह देते व गाडी हळूच पुढे सरकू पाहते. सौम्य चढणीवर एवढे पुरेसे होते.

तीव्र चढणीवर हा जोर अपुरा पडतो. त्यासाठी अनेक गाड्यांत दुसरी योजना असते. पाय उचलल्यावरही ब्रेकमधील द्रवाचा दाब सुमारे दोन सेकंद राखला जातो. तेवढ्यात चालकाने ॲक्सिलरेटर दाबला, की चाकांना जोर मिळतो व ब्रेक सुटतो. थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद असले, तरी विजेच्या पंपामुळे ब्रेकचे बळ कायम राहते.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढणीवर तोलून धरू नये. मोटर फिरत नाही, पण प्रवाह वाहत राहतो. त्याची उष्णता होते आणि बचावासाठी यंत्रणा जोर कमी करते. काही सौम्य संकरित गाड्यांना नेहमीचाच क्लच असतो. त्यांत दाब राखण्याची सोय नसेल, तर हातब्रेकचाच आधार घ्यावा लागतो.

म्हणून घाटात शिरण्यापूर्वी आपल्या गाडीत कोणती सोय आहे, हे चालकाने माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे, आणि थांबताना ब्रेक पक्का लावावा. यंत्र दोन सेकंदांची सवड देते. तिचा उपयोग करणे चालकाच्या हाती आहे.