घरापुढची माती आणि झुबकेदार झाडें

फुलें दिसावीं म्हणून बाग करावयाची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाहीं, पण अपुरी आहे. आम्हां कुडाळकडील लोकांना तरी बागेकडून आणखी एका कामाची अपेक्षा ठेवावी लागते. तें काम म्हणजे घराभोंवतींची माती जागच्या जागीं राखणें.

आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन जांभ्याची, तिच्यावर मातीचा थर पातळ. उघड्या मातीवर टपोरे थेंब आदळले म्हणजे कण सुटे होतात, उताराला लागतात, आणि भंगसाळ नदीचें पाणी तांबडें होतें. त्या तांबडेपणांत आपल्या परसांतील मातीचाहि वाटा असतो. झेंडू, झिनिया यांची शोभा एका हंगामाची. तीं वाळलीं कीं वाफा पुन्हा उघडा. हल्लीं यावर सारें अंगण सिमेंटच्या ठोकळ्यांनीं झांकण्याचा प्रघात पडला आहे. त्यानें चिखल जातो खरा, पण पाणी मुरण्याची वाटहि बंद होते आणि तेंच पाणी जोरानें शेजारच्या आवारांत शिरतें.

याहून सोपा उपाय आहे. एका बुडख्यापासून अनेक फांद्या किंवा पाती फुटून जीं झाडें पालथ्या टोपलीसारखीं गोल होतात आणि वर्षानुवर्षें टिकतात, तीं लावावीं. त्यांच्या पानांवर थेंबांचा जोर मोडतो, आणि मुळें माती धरून ठेवतात.

यांत पहिला मान अबोलीचा. नारळीच्या विरळ सावलींत ती सुखानें वाढते. तिला वास नाहीं. पण रंग असा, कीं मराठींत त्या रंगालाच तिचें नांव मिळालें. सुकलेले तुरे खुडीत गेल्यास झुबका दाट होतो. कांहीं तुरे मात्र राखावे. त्यांचीं बोंडें वाळल्यावर पाणी लागतांच फुटतात, बी आसपास उडतें, आणि पावसाच्या आरंभीं नवीं रोपें फुकट मिळतात.

दुसरी सदाफुली. ती मूळची मादागास्कर बेटावरची. कडक ऊन तिला मानवतें, परंतु पाणी साचलें तर मुळें कुजतात. म्हणून तिला चढावरची जागा द्यावी. तिसरा गवती चहा. दोन-तीन वर्षांनीं त्याचा ठोंब मधोमध पोकळ होऊं लागतो. तेव्हां मृगाच्या पावसांत तो फोडून निरनिराळा लावावा. चौथा वाळा. याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ दोन-तीन मीटर खोल उतरतात. उतारावर आडव्या ओळींत तो लगटून लावला म्हणजे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ मागें बसतो. या गुणामुळेंच १९८० च्या दशकांत जागतिक बँकेनें भारतांत वाळ्याच्या ओळींचा पुरस्कार केला. मुळांच्या सुवासाच्या लोभानें त्या ओळी मात्र उपटूं नयेत.

आतां मांडणीविषयीं. प्रत्येक जातीचें एकेक झाड लावल्यास बाग दुकानासारखी दिसते. एका जातीचीं तीन किंवा पांच झाडें जवळजवळ घ्यावीं. उंच मागें, ठेंगणीं पुढें. विलायतेंत गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) या बाईंनीं असेच समूह करून लांब ताटवे सजविले. त्या मूळच्या चित्रकार. रंगाशेजारीं रंग कसा बसतो हें त्यांना ठाऊक होतें. त्यांची मांडणी घ्यावी, झाडें घेऊं नयेत. लव्हेंडरसारखें कोरड्या हवेंतील झुडूप आमच्या श्रावणांत टिकणें कठीण.

अंतर धरावयाचें तें रोपाच्या आजच्या आकारावरून नव्हे, तर पूर्ण वाढीवरून. अबोलीच्या दोन रोपांत दीड ते दोन फूट सोडावे. पहिल्या वर्षीं वाफा रिकामा वाटेल. तेथें पाचोळा, ज्याला आमच्याकडे पातेरा म्हणतात, तो पसरावा, जाळूं नये. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत झुबके एकमेकांस भिडूं लागतात आणि तणाला जागा उरत नाहीं.

मातीचा बोटभर थर तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. वाहून जाण्यास कांहीं पावसाळे पुरतात. पुढील मृगापूर्वीं आपण आपल्या आवाराचा उतार एकदां पाहावा, पाणी कोठून येतें आणि कोठें जातें तें ध्यानीं घ्यावें, आणि त्या वाटेवर निदान पांच ठोंब लावावे, एवढीच विनंती.