खालच्या सुरातली माणसं

(बोईसर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकानं फोन करून विचारलं, ‘जॅझ आपल्याकडे चालेल का हो?’ मी म्हटलं, ‘जॅझसाठी नाही आले तर तारप्यासाठी येतील.’ पत्रिकेत दोन्ही शब्द एका ओळीत छापलेले पाहून काहींना वाटलं असेल, सॅक्सोफोन आणि तारपा एकत्र वाजवण्याचा फ्यूजन कार्यक्रम आहे. तसं काही नाही. मी वाजवणारा नाही, ऐकणारा आहे, आणि फ्यूजनबद्दलचं माझं मत फारसं बरं नाही. ते शेवटाकडे येईलच.

आज ज्या माणसाबद्दल आधी बोलायचं आहे त्याचं नाव हॅरी कार्नी. जन्म 1910, बोस्टन. ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात तो 1927 साली दाखल झाला तेव्हा सतरा वर्षांचा होता. एलिंग्टन 24 मे 1974 रोजी गेला, तोवर कार्नी त्याच वाद्यवृंदात होता. सत्तेचाळीस वर्षं एकच नोकरी! इथे अणुऊर्जा केंद्रातून आणि एमआयडीसीतून निवृत्त झालेली बरीच मंडळी बसली आहेत, पण सत्तेचाळीस वर्षं त्यांच्यापैकीही कुणाची भरली नसतील. मालक गेल्यावर कार्नी फार दिवस राहिला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तोही गेला.

त्याचं वाद्य बॅरिटोन सॅक्सोफोन. गळ्यात अडकवलं की मांडीपर्यंत येणारं, पितळी, वजनदार. पितळी असूनही त्याची गणना लाकडी वाद्यांत होते, कारण आवाज धातूतून निघत नाही, वेताच्या पातळ पट्टीतून निघतो. वादक ती पट्टी ओठांत धरतो, फुंकीनं ती थरथरते आणि त्या थरथरीला लांब नळी आकार देते. नळी जितकी लांब, तितका सूर खाली. बॅरिटोनचा सूर खर्जाच्या जवळ राहतो. तसंच खालच्या सुरातलं दुसरं वाद्य बास क्लॅरिनेट, तेही कार्नी वाजवायचा.

आता खालच्या सुरात वाजवणाऱ्याची अडचण अशी, की लोकांना तो ऐकू येतो पण लक्षात राहत नाही. ट्रम्पेटवाला उभा राहतो, दिवा त्याच्यावर पडतो, टाळ्या त्याला. बॅरिटोनवाला सॅक्सोफोनच्या रांगेच्या टोकाला बसतो. तो थांबला की मात्र सगळा वाद्यवृंद पातळ पडतो, आणि श्रोत्याला कळतही नाही काय कमी झालं. एलिंग्टनला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून तो कार्नीला नुसता तळाचा हमखास सूर देत नसे. पुष्कळदा असा सूर द्यायचा की जो वाजेपर्यंत वरच्या चार जणांचं काय चाललंय ते उलगडत नाही. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाला जो एक सावळा रंग आहे, त्यातला बराचसा वाटा या एका माणसाच्या फुप्फुसांचा आहे असं माझं मत आहे. कुणी वाद घालायला तयार असेल तर चहाच्या वेळी भेटा.

कार्नीनं हे वाद्य धरलं तेव्हा त्याला गुरू असा नव्हताच. बॅरिटोन हे तेव्हा भर घालायचं वाद्य होतं, एकट्यानं गायचं नव्हे. खालच्या सुरांसाठी त्यानं एड्रियन रोलिनीचा बास सॅक्सोफोन ऐकला, वरच्या सुरांसाठी कोलमन हॉकिन्सचा टेनर, आणि मधली वाट स्वतः काढली. पुढे जो जो बॅरिटोनवर आला त्याला कार्नी ओलांडूनच जावं लागलं. आणि एक लोभस गोष्ट म्हणजे, एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना वाद्यवृंद बसमधून जायचा, पण एलिंग्टन बसायचा कार्नीच्या गाडीत. गाडी चालवायचा कार्नी. मालक शेजारी बसून रस्ता बघणार, नाहीतर डोक्यात नवी चीज रचणार. कित्येक वर्षं हा परिपाठ चालला.

मघाशी आपण एलिंग्टनचं ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ ऐकलं. चीज 1933 सालची, पण कार्नी ती अखेरपर्यंत वाजवत राहिला. शेवटाला तो एक सूर धरतो. आपल्याला वाटतं, आता संपेल. संपत नाही. तुमच्यापैकी काहींनी स्वतःचा श्वास रोखून धरलेला मी पाहिला, आणि तो सुटला तरी कार्नीचा सूर चालूच होता. ही काही रेकॉर्डिंगमधली चलाखी नव्हे. वादक गाल फुगवून त्यांत हवा साठवतो. फुप्फुसं रिकामी होत आली की गालांतली हवा दाबून वाद्यात सोडतो आणि नेमक्या त्याच क्षणी नाकानं नवा श्वास आत ओढतो. बाहेर सूर अखंड, आत श्वासाची देवघेव. सनईवाल्यांना हे येतं, पुंगीवाल्यांना येतं. आणि तारपा वाजवणाऱ्याला हे आलंच पाहिजे, त्याशिवाय तो तारपा वाजवूच शकत नाही.

पण तारप्याकडे जाण्याआधी मुंबईत उतरावं लागेल.

1927 साली कार्नीच्या शेजारी सॅक्सोफोनच्या रांगेत रूडी जॅक्सन नावाचा क्लॅरिनेट आणि टेनर वाजवणारा माणूस बसायचा. एलिंग्टनच्या ‘क्रिओल लव्ह कॉल’ या चिजेवरून भानगड झाली. जॅक्सननं आणलेली चाल मुळात किंग ऑलिव्हरची निघाली आणि जॅक्सनची नोकरी गेली. तोच जॅक्सन पुढे 1930च्या दशकात आपल्याकडे मुंबईत येऊन वाजवू लागला. 1935 साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्यानंतर ही अमेरिकन मंडळी येतच राहिली. पुढे ताजच्या मंचावर मिकी कोरियाचा वाद्यवृंद आला आणि 1939 पासून 1960 पर्यंत टिकला. त्यात आणि त्या काळच्या इतर वाद्यवृंदांत बहुतेक वादक गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी शिकलेली ही मुलं. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा दादर, अंधेरीच्या स्टुडिओत सिनेमाचं संगीत. ज्या गाण्यांवर आपल्या आईवडिलांनी प्रेम केलं, त्यांच्या तळाशी यांचे सॅक्सोफोन आहेत. श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं शोधून सापडत नाहीत. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात हा सगळा इतिहास उकरून काढला, तो जरूर वाचा.

स्वतः कार्नी भारतात आला 1963 साली. अमेरिकी परराष्ट्र खात्यानं एलिंग्टनचा वाद्यवृंद दमास्कसपासून दौऱ्यावर धाडला होता. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला, तरी दौरा पुढे सरकत मुंबईपर्यंत आला. त्याच 1963 साली भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरच्या अणुवीज केंद्राचा करार झाला. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिका एका हातानं अणुभट्ट्या देऊ करत होती, दुसऱ्या हातानं जॅझ. भट्ट्या उभ्या राहिल्या, 1969 साली वीज सुरू झाली, तारापूर नकाशावर आलं. वाद्यवृंद मात्र पुढच्या देशांकडे निघून गेला. नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाली आणि दौरा मध्येच गुंडाळला गेला. त्या दौऱ्यातून ‘फार ईस्ट सूट’ निघालं. त्यात ‘आग्रा’ नावाचा एक तुकडा आहे. ताजमहालावर काही लिहायचं तर कुणीही बासरी किंवा व्हायोलिन घेईल. एलिंग्टननं तो कार्नीच्या बॅरिटोनला दिला. संगमरवराचं वजन त्या सुरात ऐकू येतं.

आता तारपा. पलीकडच्या टेबलावर ठेवला आहे, मध्यंतरात हात लावून बघा, पण जपून.

वर वाळवलेला भोपळा आहे. त्याच्या वरच्या भोकातून फुंकायचं. भोपळ्याच्या खालून बांबूच्या दोन नळ्या निघतात, एकमेकींना बिलगून, त्यांना बोटांसाठी भोकं. नळ्यांची वरची टोकं भोपळ्याच्या पोटात आहेत आणि तिथे प्रत्येकीला बांबूचीच एक जीभ आहे, नळीतूनच चिरून काढलेली. जोड मेणानं बुजवलेले. खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला भोंगा. म्हणजे थरथरणारी पट्टी इथेही आहे. क्लॅरिनेटच्या कुळातलंच वाद्य. फरक असा, की कार्नीच्या ओठांत त्याची पट्टी होती, ओठ आवळून सैल करून तो सुराचा पोत बदलू शकायचा. तारप्यात जीभ भोपळ्याच्या पोटात लपलेली. वादकाचा ओठ तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्याच्या हातात फक्त श्वासाचा दाब आणि बोटं. या दोहोंवर रात्रभर माणसं नाचवायची. तारपा बॅरिटोनइतका खाली उतरत नाही हे मान्य. पण त्याचा आवाज दाट आहे, दोन नळ्यांचे सूर एकमेकांना घासत जातात, आणि तो घुमणं थांबवत नाही.

2026च्या जानेवारीत पद्मश्रींची यादी जाहीर झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातलं एक नाव तिच्यात होतं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा. नव्वदी ओलांडलेले. घरात पिढ्यान्‌पिढ्या तारपा, तो वाजवायचा तसा हातानं घडवायचाही. भिकल्याबाबांच्या कारकिर्दीला करार नाही, तिकीट नाही, ध्वनिमुद्रिकांची यादी नाही. आहे ती शेती, आणि भात तयार झालं की तारपा. नवं धान्य आलं, वाघबारशीला वाघोबाची पूजा झाली, दिवाळी आली, की पाड्यावरच्या अंगणात रात्री नाच. नाचाच्या पुढे असणारा घुंगुरकाठी जमिनीवर आपटतो, बाकीचे कमरेला हात घालून साखळी धरतात आणि तारपेवाल्याभोवती फिरतात. चाळा, म्हणजे तारप्यावरची चाल, बदलला की पावलं बदलतात. मोराचा चाळा लागला की एक, दुसरा लागला की दुसरं. कोणता चाळा कधी लावायचा हे तारपेवाला ठरवतो, तेही नाचणाऱ्यांचे पाय बघून.

वारली चित्रांत ती गोल फिरणारी माणसांची साखळी तुम्ही भिंतींवर, साड्यांवर, अगदी रेल्वे स्टेशनांवरही पाहिली आहे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. त्या साखळीच्या मधोमध तारपेवाला असतो. नाचणारे त्याला पाठ दाखवत नाहीत. इथे मला कार्नी आठवतो, पण उलटा. कार्नी रांगेच्या टोकाला बसून सगळ्यांना तोलायचा. इथे तोलणारा मध्यभागी आहे आणि सगळे त्याच्याकडे बघत फिरतात. खालच्या सुरात वाजवणाऱ्यांच्या नशिबी हा मान आला असता तर एरिक डॉल्फीसारख्यांना इतकी धडपड करावी लागली नसती. डॉल्फीनं 1961 साली बास क्लॅरिनेट एकट्याच्या वादनात पुढे आणलं. त्याच वर्षी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं ‘इंडिया’ वाजवलं तेव्हा बास क्लॅरिनेट त्याचंच होतं. 1964 साली, छत्तिसाव्या वर्षी, डॉल्फी बर्लिनमध्ये गेला. कार्नीची सत्तेचाळीस वर्षं आणि डॉल्फीची ही मूठभर वर्षं, दोन्ही कारकिर्दीच.

आता ते मत, जे मी राखून ठेवलं होतं. आपल्याकडे तारपा ऐकू येतो तो कुठे? पाहुण्यांच्या स्वागताला. उद्घाटन असो, पुरस्कार वितरण असो, फाटकापासून मंचापर्यंत तारपेवाला पुढे, मागे चार जण कमरेला हात घालून. पाहुणे मोबाइलवर चित्रण करतात. मंचावर पोचले की वाद्य बंद, भाषण सुरू. पाच मिनिटांत तारपा नीट तापतसुद्धा नाही. आणि फ्यूजनवाले? त्यांची पहिली अडचण स्वराची. प्रत्येक तारप्याचा स्वर त्याच्या भोपळ्यानं आणि बांबूनं ठरवलेला असतो, हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीशी तो जुळेलच असं नाही. मग एक तर तारपा मागे ढकलतात, नाहीतर कीबोर्डनं त्याला झाकून टाकतात. पार्श्वभूमीला थोडा ‘आदिवासी फील’ आला की काम झालं. एलिंग्टननं कार्नीसाठी संगीत लिहिलं ते कार्नीचा आवाज कसा आहे हे वर्षानुवर्षं ऐकून. तारप्यासाठी कुणी तसं ऐकलंय? जोवर ऐकत नाही तोवर त्याच्या गळ्यात सॅक्सोफोन बांधू नये असं मला वाटतं.

शिकणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि कठीण. गालात हवा धरायची विद्या लहानपणी लागते. तिला लागणारा वेळ पावसाळा संपल्यानंतरचा, अंगणातला. पण दिवाळीनंतर कितीतरी घरं वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, मुलंही बरोबर. लग्नात डीजे आला आहे. तरुण मुलाला डीजे आवडतो यात त्याचा दोष नाही, आपल्या मुलांनाही आवडतो.

तेव्हा मंडळाकडे माझी एक मागणी आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत एक दिवस व्याख्यान ठेवू नका. आपल्या जिल्ह्यातल्या एका तारपेवाल्याला बोलवा आणि पूर्ण रात्र द्या. मानधन व्याख्यात्याला देता तेवढं तरी द्या. खुर्च्या काढून मैदान मोकळं ठेवा, ध्वनिक्षेपक असलाच तर जमिनीजवळ लावा, भोंग्याच्या बाजूला, तोंडाच्या बाजूला नको. आणि तारीख मे महिन्यातली धरू नका. दिवाळीच्या आसपासची धरा, जेव्हा भात घरात आलेलं असतं आणि माणसं अजून भट्ट्यांवर गेलेली नसतात.