बैठक गावात बसली पाहिजे

महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि शेजारच्या बालाघाट-राजनांदगाव भागातून आलेले प्रतिनिधी, डॉक्टर, समुपदेशक, आशाताई, बचत गटांच्या भगिनी आणि ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो आहोत ते व्यसनातून बाहेर पडलेले व बाहेर पडू पाहणारे माझे बंधू-भगिनी,

या व्यसनमुक्ती परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे गोंदिया जिल्ह्यात मनःपूर्वक स्वागत करतो.

सुरुवातीलाच एक विनंती. या सभागृहात असे अनेक जण बसले आहेत, ज्यांनी आपली ओळख झाकून आपले दुःख उघड करायचे ठरवले आहे. पत्रकार मित्रांनी आणि मोबाइल हाती असलेल्या प्रत्येकाने परवानगीशिवाय कोणाचा फोटो काढू नये, नाव छापू नये. जे इथे ऐकाल, त्यातला विचार बाहेर न्या. माणसाचे नाव इथेच ठेवा. नाव सुरक्षित आहे एवढा विश्वास वाटला, तरच माणूस तोंड उघडतो.

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, पण त्याची घडण फार जुनी आहे. कोहळी समाजाने बांधलेली तळी आजही आमच्या बांध्यांना पाणी देतात. नवेगावबांध आणि नागझिऱ्याचे जंगल, धानाच्या शेतात उतरणारे सारस, माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडावर लोटणारा आदिवासी बांधवांचा जनसागर, दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडईची जत्रा आणि रात्रभर रंगणारे दंडार हे लोकनाट्य, हे सारे आमचे वैभव आहे. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा बोलींत इथला माणूस सुखदुःख बोलतो. तो पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाही. आपणही आज आमचे पाहुणे आहात.

परंतु मंडईच्या रात्री गावात काय चालते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, किती घरांत चूल पेटत नाही, धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की पहिली गर्दी कुठे होते, हे आपण सगळेच जाणतो. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले. शाळा सुटल्याची घंटा झाली की मुले पळत सुटतात. पण दरवर्षी एक-दोन मुले अशी असत, जी उगाच फळा पुसत राहात, खडूचे तुकडे गोळा करत, वर्गाचे दार ओढायला थांबत. त्यांना घरी जायचे नसे. बाप दिवस मावळायच्या आत परतला तर तो शुद्धीत असेल, अंधार पडल्यावर आला तर नसेल, हा हिशेब ती मुले मांडत असत. वडिलांच्या सायकलच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखणारी मुले मी पाहिली आहेत. दारूचे दुःख पिणाऱ्या एकट्याचे कधीच नसते. म्हणून त्यातून सुटण्याचे कामही त्या एकट्यावर टाकता येणार नाही, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आमच्या भागात मोहाला मान आहे. आदिवासी बांधवांच्या पूजेत आणि पितरांच्या कार्यात मोहफुलांच्या दारूला जे स्थान आहे, त्याचा आम्ही आदर करतो. देवाला वाहिलेली धार वेगळी आणि माणसाला रोज लागणारी बाटली वेगळी, हे त्या समाजातल्या जाणत्यांनीच आम्हाला सांगितले आहे. आणि प्रश्न केवळ दारूचा नाही. पन्नीत घोटलेला खर्रा आज शाळेच्या पोराच्याही खिशात सापडतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून देणारी टपरी प्रत्येक नाक्यावर उभी आहे. बाया खर्रा खातात, तंबाखू मळतात, काही जणी पितातही. त्यांचे व्यसन घरच्या चार भिंतींत दडलेले असते, म्हणून त्यांच्यापर्यंत मदत सर्वांत उशिरा पोहोचते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी 5.7 कोटी लोकांना दारूच्या त्रासातून सुटण्यासाठी मदतीची गरज आहे, असे त्यात दिसले. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. बाकी 37 जणांना आपण काय म्हणतो? बेवडा म्हणतो, देवळात शपथ घ्यायला लावतो, बायकोला दोष देतो किंवा लग्न करून दिले की सुधारेल असे सांगतो.

या 37 जणांपर्यंत पोहोचायचे तर डॉक्टर हवेतच. पण एवढे डॉक्टर आपल्याकडे उद्या असणार नाहीत आणि असले तरी रुग्णाचे दवाखान्याबाहेरचे आयुष्य त्यांच्या हाती नसते. तिथे सोबत लागते.

ही सोबत म्हणजे काय, ते 1935 साली अमेरिकेतल्या एक्रन या गावी घडलेल्या एका भेटीतून कळते. बिल विल्सन नावाचा, पाच-सहा महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला एक गृहस्थ व्यवसायाच्या कामाने तिथे आला होता. काम फसले. हॉटेलच्या दालनात समोर बार दिसत होता आणि पाय तिकडे वळू लागले. त्या क्षणी त्याला वाटले की आपल्यासारखाच एखादा दारुडा भेटून त्याच्याशी बोलता आले, तरच आपण वाचू. फोन करता करता तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. ते स्वतः दारूत बुडालेले होते. दोघे तासन्‌तास बोलले. त्याच वर्षी 10 जूनला डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतला आणि तो दिवस अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या परस्परसाह्य गटांच्या चळवळीचा स्थापना दिवस ठरला. भारतात ही चळवळ 1957 मध्ये आली. तिथे फी नाही, अर्ज नाही, जातपात नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट. बिल डॉ. बॉब यांच्याकडे उपदेश करायला गेला नव्हता, स्वतःला वाचवायला गेला होता. आधार देणाऱ्यालाही आधार मिळतो, हे या सोबतीचे मर्म आहे.

हा केवळ भाबडा विश्वास नाही. 2020 साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने 27 अभ्यास आणि 10,565 व्यक्तींची माहिती तपासून निष्कर्ष काढला. माणसाला अशा गटांशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार हे इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे असतात आणि सलग दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत तर अनेकदा सरस ठरतात. आपल्या शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणखी एक गोष्ट करून दाखवली. डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ नसलेल्या, गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. त्यांच्याशी चार गोष्टी बोललेल्या पुरुषांपैकी 36 टक्के जण तीन महिन्यांनी धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होते. साध्या माणसाला नीट शिकवले तर तो किती करू शकतो, याचा हा पुरावा आमच्या आशाताईंनी आणि बचत गटांनी मनावर घ्यावा.

महाराष्ट्रात या वाटेचे सर्वांत मोठे नाव अर्थातच पुण्याच्या मुक्तांगणचे. डॉ. अनिल अवचट यांनी ‘गर्द’ या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या तरुणांवर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली ते केंद्र उभे केले. तिथे उपचार घेऊन बरे झालेलेच पुढे कार्यकर्ते झाले. पहिल्या दिवशी थरथरत आलेल्या माणसाला धीर देणारा, कधीकाळी त्याच खाटेवर झोपलेला असतो. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला, कारण वर्षानुवर्षे सोसणाऱ्या बाईलाही कोणी तरी ऐकणारे हवे असते. आपल्या गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्यावरूनच कोल्हापूरला जाते. पण उपचार संपवून परतीच्या गाडीने माणूस गोंदियाला उतरतो, तेव्हा स्टेशनवर त्याला घ्यायला कोण येते? जुने दोस्तच आधी भेटले तर महिनाभराची मेहनत एका संध्याकाळी वाया जाते.

आपण धानवाले लोक. पऱ्हे वाफ्यात कितीही हिरवेगार असले तरी तिथेच ठेवून पीक येत नाही. ते उपटून बांधीत रोवावे लागते. रोवल्यावर काही दिवस ते पिवळे पडते, मान टाकते. त्या दिवसांत बांधीत पाणी टिकले तर मूळ धरते. आणि रोवणी कोणी एकट्याने करत नाही. रांगेने बाया उतरतात तेव्हा बांधी पुरी होते. उपचार केंद्र हा वाफा आहे, गाव ही बांधी आहे. घसरण्याचा धोका परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि नेमक्या त्याच काळात आपण त्याला एकटे सोडतो.

आपल्याला हे सारे अगदीच नवे आहे असेही नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भाच्या गावागावांत सामुदायिक प्रार्थनेला माणसे एकत्र बसवली आणि व्यसनाविरुद्ध आवाज उठवला. नागपूरच्या महानत्यागी बाबा जुमदेवजींच्या मानवधर्माचे सेवक भंडारा-गोंदियाच्या अनेक गावांत आहेत. सत्य, मर्यादा, प्रेम ही त्यांची शिकवण आणि वाईट व्यसने बंद करणे हा त्यांचा नियम. त्यांच्या चर्चा बैठकीत सेवक आपले अनुभव उभे राहून सांगतात, कोणाच्या घरी अडचण आली तर सारे धावून जातात. ज्या घरांत भांडी विकून दारू आणली जात होती, त्या घरांत आज मुले शिकत आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कोणाची श्रद्धा कोणती असावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण आठवड्याचा ठरलेला दिवस, ओळखीची माणसे, सर्वांसमोर दिलेला शब्द आणि हाकेला येणारा शेजारी, ही ताकद प्रत्येक गावाला उभी करता येईल.

शेजारच्या गडचिरोलीनेही आपल्याला शिकवले आहे. तिथे लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आंदोलनातून 1993 साली दारूबंदी आली. मात्र बंदीनंतरही काम संपले नाही, म्हणून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने 2016 पासून ‘मुक्तिपथ’ सुरू झाले. गावसंघटना अवैध विक्री रोखतात आणि तालुक्याच्या दवाखान्यात रुग्णांवर उपचारही होतात. मतदानात आडवी बाटली निवडून दुकान बंद करता येते. माणसाच्या आतली तहान भागवायला मात्र दुसरा माणूस लागतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टीही मी जबाबदारीने सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू सोडली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होतात आणि जिवावरही बेतू शकते. अशा माणसाला कोंडून ठेवू नका, आधी दवाखान्यात न्या. सोबत ही औषधाची जागा घेत नाही. दुसरे म्हणजे दारू सोडवण्याच्या नावाखाली मारहाण, साखळदंड किंवा चोरून जेवणात पूड मिसळणे हे उपचार नव्हेत. मदतीसाठी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे दोन्ही मोफत आहेत. ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवले गेले पाहिजेत.

अशा सोबतीची बैठक कशी असते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक सतरंजी, एक चहाची किटली, दहा-बारा माणसे. प्रत्येक जण आपले नाव सांगतो आणि आज किती दिवस झाले ते सांगतो. दहा वर्षांच्या माणसाइतक्याच जोरात एक दिवसाच्या माणसासाठी टाळ्या वाजतात. कोणी घसरून परत आला तर तो दाराशी बसतो. त्याला कोणी ‘का प्यायलास’ असे विचारत नाही. शेजारचा सरकून जागा करतो आणि कपात चहा ओतून देतो. त्या जागा करून देण्यातच त्याचे परतणे सोपे होते.

तेव्हा या परिषदेकडून आम्हा यजमानांची मागणी अशी. प्रत्येक प्रतिनिधीने जाताना एका गावाचे नाव आणि आठवड्याचा एक वार लिहून द्यावा, जिथे बैठक बसेल. शाळेची खोली मी शाळेच्या लोकांकडून मागून देईन. समाजमंदिर सरपंचांनी उघडावे. तंटामुक्ती समित्यांनी मंडईच्या आणि करीच्या दिवशी या बैठकांच्या गटांसोबत राहावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी केंद्रातून सुटणाऱ्या प्रत्येकाला गावच्या बैठकीतल्या एका माणसाचे नाव आणि वेळ लिहून द्यावी, त्याच्या संमतीने. बहिणींसाठी स्वतंत्र, बंद दाराची, बाईनेच चालवलेली बैठक असावी. आणि झाडीपट्टीच्या कलावंतांना माझे आवाहन आहे की यंदाच्या मंडईत दारू सोडलेल्या माणसाच्या घराची दंडार उभी राहू द्या.

दूरवरून आलेल्या पाहुण्यांनो, आमचे अन्न गोड मानून घ्या, आमचे प्रश्न मोकळेपणाने ऐका आणि आपल्या अनुभवातले जे उपयोगी असेल ते इथल्या माणसांच्या हाती देऊन जा.