शंकेखोराची पुस्तके



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय दिला तो असा : शंका घेणाऱ्या आणि जिज्ञासू वाचकाने काय वाचावे? विषय देताना ते म्हणाले, "यादी मात्र नको. यादी वाचनालयाच्या भिंतीवरही टांगलेली असते. तुम्ही काय वाचलेत आणि त्याने तुमचे काय झाले, ते सांगा." हे काम यादीपेक्षा अवघड आहे. पुस्तकाने आपले काय झाले हे सांगायचे म्हणजे त्याआधी आपण कोण होतो हेही सांगावे लागते, आणि ते दर वेळी शोभणारे असतेच असे नाही. पण चिटणीसांचा शब्द मोडवत नाही. तेव्हा न शोभणाऱ्या गोष्टीपासूनच आरंभ करतो.

सन १९७१ची गोष्ट. आमच्या थोरल्या बहिणीच्या पत्रिकेत मंगळ होता. एक चांगले स्थळ जवळजवळ ठरत आले होते, ते त्या मंगळापायी परत गेले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो आणि नुकतेच आगरकर वाचू लागलो होतो. 'सुधारक' निघाला १८८८ साली. पण त्यातले निबंध काल सकाळी लिहिल्यासारखे आम्हांला वाटत. तो निबंधांचा खंड घेऊन आम्ही घरी आलो. वडील झोपाळ्यावर बसले होते. त्यांच्यापुढे उभे राहून आम्ही मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अण्णांनी पाच-दहा मिनिटे ऐकले आणि एक अक्षर न बोलता ते आत निघून गेले. आपण जिंकलो, असे आम्हांला वाटले.

त्यानंतर घरात ह्या विषयाचा शब्दच निघेना. ताईचे लग्न पुढे चार वर्षांनी झाले आणि ते सुखाचेही झाले. पण पुष्कळ वर्षांनी, अण्णा गेल्यावर, ती एकदा सहज म्हणाली, "तू त्या दिवशी अण्णांना हरवलेस खरा. पण मला काय वाटते ते तू तरी कुठे विचारलेस?" ह्या प्रश्नाला आजही आमच्याजवळ उत्तर नाही. आगरकरांचा ह्यात काडीचाही दोष नाही. आम्ही पुस्तकाची काठी केली होती, आणि काठीने कोणी शहाणा झाल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हापासून पुस्तक हाती घेताना आम्ही एक गोष्ट पाहू लागलो. लेखक आपल्याला निष्कर्ष देतो आहे, की तो निष्कर्षाला कसा पोहोचला ती वाट दाखवतो आहे? शंकेखोर माणसाला दुसऱ्या जातीची पुस्तके मानवतात. पहिल्या जातीच्या पुस्तकातला निष्कर्ष खरा असला तरी तो उसनाच राहतो, आणि उसन्या पैशावर माणूस अंमळ जास्तच ऐट करतो.

आता पहिले पुस्तक. मायकेल फॅरेडे हा एका लोहाराचा मुलगा. लंडनमध्ये तो पुस्तकबांधणी करणाऱ्याच्या दुकानात उमेदवार होता, आणि बांधायला आलेली पुस्तके वाचीत असे. त्यांत जेन मार्सेट नावाच्या बाईंचे रसायनशास्त्रावरचे एक संवादरूप पुस्तक त्याच्या हाती पडले. त्याने काय केले? त्यातली विधाने आपल्या तुटपुंज्या पैशात जमतील तेवढे लहानसहान प्रयोग करून पडताळून पाहिली. ती खरी उतरली, आणि मगच त्या पुस्तकावर त्याचा विश्वास बसला. पुढे जगन्मान्य शास्त्रज्ञ झाल्यावरही तो त्या बाईंचे ऋण सांगत असे. वाचक असावा तर असा, असे आम्हांला वाटते. लेखिकेचा त्याने अपमान केला नाही आणि तिच्या पायांवर लोटांगणही घातले नाही. त्याने तिला तपासले.

ह्याच फॅरेडेने १८६०-६१च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय एकच : मेणबत्ती. तीच व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने निघाली. आज रात्री घरी गेल्यावर त्यातला एक प्रयोग करून पाहा. मेणबत्ती चांगली जळू द्या, मग अलगद विझवा. वातीतून धुराची रेघ वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता त्या रेघेजवळ धरा. ज्योत धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते! म्हणजे जळते ते घट्ट मेण नव्हे, मेणाची वाफ. हे फॅरेडे सांगत नाही, दाखवतो. आमच्या नातवाने हा प्रयोग चौदा वेळा केला आणि काड्यांची पेटी संपवली. ह्या पुस्तकाची याहून मोठी शिफारस आम्हांला करता येणार नाही.

त्याच सुमारास विलायतेत टेबले फिरवण्याचे खूळ माजले होते. चारचौघांनी टेबलावर हात ठेवायचे, आणि मृतात्म्यांच्या शक्तीने म्हणे टेबल आपोआप सरके. १८५३ साली फॅरेडेने हात आणि टेबल ह्यांच्यामध्ये जाड कागदांचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. टेबल आधी सरकले असते तर खालचे थर पुढे गेले असते. प्रत्यक्षात वरचे थर पुढे गेलेले आढळले. म्हणजे हात आधी ढकलीत होते, आणि बसलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ह्या माणसाची सभ्यता पाहा. त्याने कोणाला लबाड म्हटले नाही. माणसे प्रामाणिक आहेत, चूक त्यांच्या नकळत होते आहे, एवढेच त्याने सिद्ध केले. १९७१ साली आम्हांला हे ठाऊक असते तर!

कोणी म्हणेल, मेणबत्तीचे ठीक आहे. पण ज्या ग्रंथांवर आपले मन पोसले त्यांच्याविषयी शंका कशी घ्यायची? ह्याचे उत्तर आपल्या पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, आणि ते पुरे झाले १९६६ साली. सत्तेचाळीस वर्षे! काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा ह्या कामी उपयोग झाला. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर काम निम्म्यावर असतानाच १९४३ साली वारले. इतरांनी ते पुढे नेले.

ह्या आवृत्तीत काय निघाले? व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही आपल्या लहानपणापासूनची कथा मूळ संहितेत उरली नाही. ती परिशिष्टात गेली. द्यूतसभेत द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही संहितेबाहेर गेला. आम्ही ते पान प्रथम पाहिले तेव्हा, खरे सांगतो, आम्हांला दुःख झाले. पण त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत पाहिले, तर वगळलेली प्रत्येक ओळ तिथे आहे आणि ती कोणत्या पोथ्यांत सापडते हेही दिले आहे. संपादकांनी काही फेकून दिले नाही. आम्ही असे ठरवले, ह्या पुराव्यावरून ठरवले, आणि तुम्हांला वेगळे वाटले तर सामग्री ही घ्या, असे जणू ते पान म्हणते. नाकारलेलेही इतके जपून ठेवणारी शंका आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिली.

हे खंड विद्वानांसाठी आहेत, ते सर्वांना झेपणार नाहीत. म्हणून इरावती कर्वे ह्यांचे 'युगान्त' वाचावे. ते १९६७ साली निघाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाई ह्याच चिकित्सक आवृत्तीच्या आधारे गांधारीकडे, कुंतीकडे, द्रौपदीकडे माणसे म्हणून पाहतात. युधिष्ठिर हा विदुराचा मुलगा असावा काय, असा प्रश्न एका लेखात त्या धिटाईने उभा करतात. त्यांचे म्हणणे आम्हांला सर्वस्वी पटले आहे असे नाही. पण तर्क कुठे आहे आणि आधार कुठे आहे हे त्या झाकून ठेवीत नाहीत, म्हणून न पटताही पुस्तक पुन्हा हाती घ्यावेसे वाटते. ज्यांना महाभारत पूज्य आहे त्यांनी तर हे अवश्य वाचावे. त्यांची भक्ती कमी होईल, असा आमचा अनुभव नाही.

आता जिज्ञासेसाठी घर सोडणाऱ्या एका माणसाविषयी बोलतो. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे. 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले, आणि १८९९ साली ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. जवळ पैसा नाही. काशीला अन्नछत्रात जेवायचे आणि संस्कृत शिकायचे. हे सारे त्यांच्या 'निवेदन' ह्या आत्मचरित्रात आहे. इतके कष्ट सोसून नेपाळात गेल्यावर तिथे आपल्याला हवा असलेला धर्म नाही, हे त्यांनी पाहिले आणि तसे लिहूनही ठेवले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती, हेही ते लपवीत नाहीत. जिज्ञासेची किंमत कधी दुसऱ्याच कोणाला द्यावी लागते, हे त्या पुस्तकात दिसते. वाचताना आमच्या डोळ्यांपुढे पुन्हा ताईच उभी राहिली.

त्यांचे 'भगवान बुद्ध' हे पुस्तक तर शंकेखोराने नमुना म्हणून जवळ ठेवावे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्राने मध्यरात्री घर सोडले, ही कथा आपण सर्व जाणतो. धर्मानंद विचारतात, जुन्या पाली सुत्तांत हे कुठे आहे? तिथे तर आईवडील रडत असताना त्याने घर सोडले असे आहे! मग ते शाक्य आणि कोलिय ह्यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे वळतात. हे लिहिणारा माणूस बुद्धासाठी आयुष्य वाहिलेला होता. आपल्या दैवताच्या चरित्रावर इतक्या प्रेमाने हात चालवणे सोपे नव्हे.

त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी गणिती होते. पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या तुडवून, म्हसोबा आणि देवींची ठाणी पाहून, दगडाची हत्यारे वेचून त्यांनी इतिहास लिहिला. त्यांचे १९६२चे 'मिथ अँड रिअॅलिटी' वाचल्यापासून गावाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या दगडावरून आम्ही नुसते पुढे जाऊ शकत नाही. त्यांची काही मते पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली आहेत. तीही वाचावीत.

असो. मंगळाकडे पुन्हा येऊ, कारण तो अजून आपल्या गावातून गेलेला नाही. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एक चाचणी केली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. मुलांची ओळख लपवून त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिष्यांकडे पाठवल्या. हुशार कोण, मतिमंद कोण, एवढेच सांगायचे. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली. सरासरी शेकडा ४६ बरोबर. सर्वांत चांगला आकडा चाळिसांत चोवीस. ह्याचा वृत्तान्त २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. तीन पानांचा आहे.

आमच्या शेजारच्या गृहस्थांच्या मुलीला मंगळ होता. ह्या खेपेस आम्ही उभे राहून वाचून दाखवले नाही. तो वृत्तान्त मराठीत लिहून काढला आणि चहाच्या वेळी त्यांच्या हाती दिला. ते वाचून म्हणाले, "मग निम्मे तरी बरोबर येतेच की!" पूर्वीचे आम्ही असतो तर इथे भांडलो असतो. आम्ही खिशातून रुपया काढला. त्यांनी छापा की काटा ते सांगायचे, आम्ही उडवायचे, मुलीने वहीत मांडायचे. चाळीस वेळा. बरोबर आले तेवीस. गृहस्थ बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. "म्हणजे मीही ज्योतिषी झालो," असे म्हणून ते हसले. त्यांनी पत्रिका पाहणे सोडले नाही. पण मंगळापायी परत गेलेल्या एका स्थळाकडे ते स्वतः जाऊन पुन्हा बोलून आले. तेही, आधी मुलीला विचारून.

दाभोलकरांचे 'तिमिरातुनी तेजाकडे' आम्ही तिला दिले. देताना हात जरा थांबला. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला गेले असता पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. आयुष्यभर समोरच्याचे म्हणणे ऐकून घेऊन, आवाज न चढवता प्रश्न विचारणारा हा माणूस. शंका घेण्याचा विषय चहाच्या वेळचा आहे खरा. नुसता चहाच्या वेळचा नाही, हेही त्या मुलीला कळायला हवे होते.

वेळ होत आला. डार्विनविषयी दोनच वाक्ये बोलतो. १८५९च्या त्याच्या ग्रंथात सहावे प्रकरण आहे, ते त्याच्याच सिद्धांतापुढच्या अडचणींचे. आणि आपल्या मताविरुद्धची वस्तुस्थिती तो तत्काळ टिपून ठेवी, कारण ती सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरते, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. आम्हीही एक वही केली आहे. तिच्यात वर्षाला दोन-तीन नोंदी होतात. आमच्या चुका इतक्या थोड्या असतील, हे संभवत नाही.

श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिलीच चिठ्ठी विचारते, ही सर्व पुस्तके वक्त्याने पूर्ण वाचली आहेत काय? रास्त प्रश्न आहे. डार्विनचे शेवटचे काही भाग आम्ही चाळले आहेत. चिकित्सक आवृत्तीचे सभापर्व तळटीपांसकट वाचले, आदिपर्व बरेचसे वाचले, बाकीचे खंड केवळ उघडून पाहिले आहेत. मेणबत्तीचे पुस्तक पूर्ण वाचले, दोनदा. आता दुसरी चिठ्ठी.