खर्जातला आवाज

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून यशवंतांची नावे घेण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. मी मात्र आज अशा माणसांविषयी बोलणार आहे, ज्यांचे काम कोट्यवधी लोकांनी ऐकले, पण ज्यांची नावे फारच थोड्यांना ठाऊक आहेत. ही माणसे म्हणजे चित्रपटांच्या पार्श्वसंगीतासाठी ट्यूबा वाजवणारे वादक.

ट्यूबा हे पितळी वाद्यांपैकी सर्वांत खर्जाचे वाद्य. बँडमध्ये वादकाच्या अंगाला वेढा घालून डोक्यावर उमललेले जे भले मोठे तोंड आपण पाहतो, ते याच्याच भाऊबंदाचे. 1835 साली बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्स यांनी ट्यूबाचे पेटंट घेतले. मोठ्या ट्यूबाची नळी उलगडली, तर ती सुमारे साडेपाच मीटर भरते. वाद्यवृंदात व्हायोलिने पुष्कळ असतात. ट्यूबा बहुधा एकच. त्यामुळे हा वादक चुकला, तर त्याला लपायला जागा नसते.

लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत हे काम कसे चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. स्वरलिपी अनेकदा त्याच दिवशी समोर येते. पडद्यावरील दृश्याशी क्षणाक्षणाचा मेळ राहावा म्हणून कानात यांत्रिक ठोके चालू असतात. तालमीला वेळ अल्प, आणि एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा वाजवावे लागते. म्हणजे प्रसंग काही मिनिटांचा; त्यामागची तयारी मात्र आयुष्यभराची.

1975 च्या ‘जॉज’ या चित्रपटात शार्क जवळ येत असल्याची चाहूल चेलो आणि डबल बास यांच्या दोनच स्वरांतून लागते. त्या स्वरांवर जी एकाकी, अस्वस्थ करणारी सुरावट उमटते, ती टॉमी जॉन्सन यांच्या ट्यूबाची. ती बरीच वरच्या स्वरांत आहे. ती फ्रेंच हॉर्नला का दिली नाही, असे जॉन्सन यांनी संगीतकार जॉन विल्यम्स यांना विचारले, तेव्हा अधिक धमकावणारा आवाज हवा होता, अशा आशयाचे उत्तर मिळाले. त्या संगीताला ऑस्कर पुरस्कार मिळाला. आपल्यासारख्या शालेय मेळाव्यात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हेच जॉन्सन अनेक वर्षे शाळेत संगीत शिकवत होते.

1977 च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मध्ये परग्रहावरून आलेले महाकाय यान माणसांशी स्वरांतून बोलते. त्या यानाचा आवाज म्हणजे जिम सेल्फ यांचा ट्यूबा. त्याच वर्षीच्या ‘स्टार वॉर्स’चे संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवले, त्यात ट्यूबावर जॉन फ्लेचर होते. एरवी आधार देणारे हे वाद्य प्रसंगी कथेतील पात्रही होऊ शकते, ते असे.

आपल्याकडील कथा निराळी नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी आयुष्ये वेचली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, पण हे नाव एका खऱ्या संगीतज्ञाचे आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पडद्यामागच्या माणसाचा गौरव करताना त्याच्या उपेक्षेचे गोडवे गाऊ नयेत. अमेरिकेतील वादकांनी संघटना बांधली आणि करार केले. चित्रपट पुढे अन्य माध्यमांतून दाखवला गेला, तर त्या उत्पन्नातील काही वाटा वादकांपर्यंत येतो. आपल्याकडे बहुतेकांचा हिशेब त्या दिवसाच्या मेहनतान्यावरच मिटत असे. निःस्वार्थ वृत्ती हा वादकाचा गुण असू शकतो. त्याला विसरणे हा समाजाचा गुण नव्हे.

पालकहो, आपले मूल रंगमंचाच्या मध्यभागी उभे असावे, असे कोणाला वाटत नाही? तथापि ज्या मुलाला कडेची जागा मिळाली, त्याला ‘तुझे काम लहान’ असे घरी चुकूनही ऐकू येऊ नये. कडेला बसलेल्या त्या एकाने श्वास रोखला, तर मध्यभागच पोकळ होतो.

आणि माजी विद्यार्थी मित्रहो, महाराष्ट्राबाहेर, पटसंख्येची चिंता वाहत, मराठी शाळा इतकी वर्षे उभी राहते ती कोणाच्या बळावर? वर्ग संपल्यावर थांबून शिकवणाऱ्या बाई, शुल्काच्या नोंदी सांभाळणारे लेखनिक, पहाटे दारे उघडणारे शिपाई या सर्वांच्या बळावर. आपल्या प्रत्येकाच्या शब्दांखाली त्यांचा खर्ज लागलेला आहे. आज येथून निघण्यापूर्वी आपल्या वर्गासाठी राबलेल्या अशा एका माणसाचे नाव आठवून शाळेच्या दप्तरात लिहून ठेवावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.